शेऱ्याचा रकाना

रकाने आधीच छापलेले असतात, मी फक्त भरते.
वय. गाव. कातडीचा रंग
(तो पेशंटनं सांगायचा, मी बघून लिहायचा नाही,
तरी घाईत मीच लिहिते).
शिक्षण किती. लग्न झालंय का.
गाठ कुठे, केवढी, कुठवर पोचली.
आणि तळाचा एक रकाना पाच वर्षं मोकळा:
आहे की नाही.

मनाउसच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एसीचं पाणी ज्या बादलीत ठिबकतं
तिच्या शेजारी माझं टेबल.
बावीस वर्षं झाली. बादली दोनदा बदलली.

त्या मार्चमध्ये एका आठवड्यात दोन फायली आल्या.
एलोइझा, त्रेचाळीस. झेनाइदे, बेचाळीस.
दोघींच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ,
चार सेंटिमीटर, टप्पा दोन ब.
डॉक्टर लिदुइना सूक्ष्मदर्शकातून मान वर करून म्हणाली,
चिठ्ठी काढून टाकली तर मलाही सांगता येणार नाही
कुठली कुणाची.

चिठ्ठी मात्र माझ्याकडे असते.

एलोइझा वकील. आद्रियानोपोलिसला घर,
नवऱ्याच्या गाडीनं बारा मिनिटं.
नणंद नर्स, तिनं आधीच फोन करून ठेवलेला.
अठ्ठाविसाव्या दिवशी ती मशीनखाली झोपली होती.

झेनाइदे तेफेच्या पलीकडची.
पलीकडची म्हणजे आधी वल्ह्याची होडी, अर्धा दिवस,
मग बोटीवर झोळी टांगून दोन रात्री,
शेजारच्या झोळीतल्याचे पाय आपल्या तोंडाशी.
शिक्षण: तिसरी.
लग्न? विचारलं तर म्हणाली, होतं.
'होतं' असा पर्याय नाही. मी 'इतर' दाबलं.
फोन? गावातल्या दुकानाचा दिला,
दुकानदार सेबाश्च्यांव निरोप देतो, म्हणाली,
दारू प्यायलेला नसला तर.

तिची तारीख निघाली ऑगस्टात.
रोज किरणं, पाच आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही.
आश्रयगृहात वरची खाट मिळाली.
तिसऱ्या आठवड्यात खाली माझ्याकडेच आली,
का कोण जाणे, डॉक्टर सोडून माझ्याकडे.
म्हणाली, धाकटी तापलीय, आठ वर्षांची आहे,
आणि ओढ्यात कसावा भिजत घातलाय, तो कुजेल.
आठ दिवसांत येते.
मी म्हटलं, ये.
(मी आणखी काय म्हणायला हवं होतं
ते मला अजून सुचतं, बहुतेक भांडी घासताना.)

सप्टेंबरात नदी उतरायला लागली.
ऑक्टोबरात वाळू वर आली, बोटी बंद.
टीव्हीवर एक माणूस दाखवत होते,
नदीच्या तळातून सायकल ढकलत चाललेला.

ती आली नोव्हेंबर संपता संपता.
मशीन तेच होतं. गाठ ती राहिली नव्हती.

उपचार अपूर्ण. कारण निवडा:
दुष्परिणाम. मृत्यू. पेशंटचा निर्णय.
नदीला क्रमांक नाही.
मी 'पेशंटचा निर्णय' दाबलं,
बावीस वर्षं दाबत आलेय, बोट आपोआप जातं तिकडे,
आणि मग जेवायला उठले नाही.
खाली शेऱ्याचा रकाना असतो, तो कुणी वाचत नाही.
तिथं लिहिलं: नदी आटली, बोट बंद, मुलगी तापलेली,
आणि तिनं वि
इथं कॉम्प्युटरनं अक्षरं घेणं थांबवलं.

पाच वर्षांनी फोन करायचे असतात.
एलोइझानं दुसऱ्या रिंगला उचलला.
मुलीच्या पदवीदानाला निघाले होते सगळे,
मागे कुणीतरी चप्पल शोधत होतं.
बरी आहे, म्हणाली. तुम्ही कशा आहात?
पहिल्यांदाच कुणी विचारलं म्हणून मी गडबडले.

सेबाश्च्यांवनं खूप वेळानं उचलला. शुद्धीत होता.
ती ना, म्हणाला. झाली त्याला साडेतीन वर्षं.
मग कुत्र्याला हाकललं, मग पुन्हा फोनवर आला:
तिचं ते तारखांचं कार्ड इथंच राहिलंय,
काउंटरच्या काचेखाली. पुढच्या बोटीनं पाठवू?

पाठव, म्हटलं.

पोचायला नऊ दिवस लागले.